दिवाळीची सुट्टी कोणत्या खात्यात?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्याआधी बोलले त्या काकांनी सांगितलं, की पूर्वीची शेती परवडायची. बी घरचं, खत घरचं, माणसं घरची. खर्च असा नव्हताच. आता मजूर मिळत नाही, पोरं धुऱ्यावर पाय ठेवत नाहीत, म्हणून शेती बुडाली. ते बोलत होते तेव्हा मंडपात बऱ्याच माना हलल्या. मी ज्या ज्या सभेला जाते तिथं हे ऐकते. काकांबद्दल मला आदर आहे, त्यांनी माझ्या दुप्पट पावसाळे पाहिलेत. पण त्यांनी म्हटलेल्या ‘घरच्या माणसां’मध्ये मी होते. वय वर्षं दहा. म्हणून आज बियाणं, खत, बोंडअळी हे रोजचे विषय बाजूला ठेवते आणि त्या घरच्या माणसांचा हिशेब मांडते.

मी दारव्हा तालुक्यातली. बारा एकर कोरडवाहू. आठ एकर पऱ्हाटी, चार एकर ज्वारी, ज्वारीत तुरीच्या ओळी. शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. साल सांगायचं तर १९९०, मी चौथीत होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की गुरुजी निबंध द्यायचे, ‘मी दिवाळीची सुट्टी कशी घालवली’. तुम्हीही लिहिला असेल. काय लिहायचं ते आम्हाला पाठ होतं. पहाटे उठलो, उटणं लावलं, नवीन कपडे घातले, आईनं करंज्या केल्या, मामाच्या गावाला गेलो, खूप मजा केली. वर्गात चाळीस-बेचाळीस पोरं. सगळ्यांच्या बोटांना पऱ्हाटीच्या बोंडांचे ओरखडे. पण निबंधात कापूस एकाच्याही आला नाही. गुरुजींनीही विचारलं नाही, आणि विचारणार कसे? त्यांच्या घरीही पऱ्हाटी होती आणि त्यांची पोरंही वेचणीला होती. वहीत लिहायची सुट्टी वेगळी असते, हे आम्हाला कुणी न शिकवता कळलं होतं.

आता खरी सुट्टी सांगते. सहामाही परीक्षा संपली की तीनेक आठवडे शाळा बंद. सरकारनं ती सुट्टी सणासाठी दिलेली. पण आपल्याकडे बोंडं फुटतात तीही नेमकी तेव्हाच. दसऱ्याच्या आगेमागे पहिलं बोंड उकलतं, आणि दिवाळीपर्यंत पहिली वेचणी अंगावर येते. सीतादही व्हायची. आई पऱ्हाटीच्या झाडाची पूजा करायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायची, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे रानात. सकाळचं दव सुकेपर्यंत हात लावायचा नाही, कारण ओला कापूस काट्यावर चालत नाही. दव सुकलं की ओटी बांधायची आणि ओळीला लागायचं. वाळलेली पत्ती चिकटू द्यायची नाही, कवडी वेगळी ठेवायची. मोठ्या बाईला वाकावं लागतं, लेकराला लागत नाही, म्हणून खालची बोंडं आमच्या वाट्याला. बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात. नखाच्या कडेला लागतं ते रात्री भाकरीला मीठ-तिखट लावताना कळतं.

मजा नव्हती असं म्हटलं तर खोटं होईल. खरेदी केंद्र उघडेपर्यंत कापूस घरातच राहायचा. पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली, आम्ही अंगणात झोपायचो, आणि मोठ्यांची नजर चुकवून त्या ढिगावर उड्या मारायचो. ज्वारी दाण्यावर आली की माळ्यावर बसून गोफण फिरवायची. हुरड्याच्या दिवसांत बाबांबरोबर जागलीला गेले की रात्रभर गोष्टी. हे सगळं मला हवंहवंसं वाटतं, आणि तसं वाटण्यात काही वावगं नाही. पण गोड आठवण पुढं करून ‘तेव्हा खर्च नव्हता’ असं कुणी म्हणू लागलं, की माझ्यातली कृषी पदवीधर जागी होते आणि कागद-पेन्सिल मागते.

कागद घ्या. तीन आठवड्यांतले सणाचे चार दिवस सोडा. राहिले १७. मी दिवसाला ८ किलो वेचायची, धाकटा भाऊ ५ किलो. माझे १३६ किलो, त्याचे ८५. दोघांचे मिळून २२१ किलो. बऱ्या सालात आमच्या रानात एकरी चार क्विंटल व्हायचा. म्हणजे अर्ध्या एकराहून जास्त पीक दोन लेकरांनी एका सुट्टीत घरात आणलं. आज वेचणीला किलोमागे दहा रुपये धरले, तर ते २,२१० रुपये होतात. कुणी म्हणेल, एवढ्याशा पैशाचं काय घेऊन बसलीस? थांबा. अजून ताई आली नाही हिशेबात.

त्याआधी पैशाचं सांगते, कारण पोरांचं कपडेलत्तं, वह्या-पुस्तकं, सगळं त्यालाच बांधलेलं. १९७१ च्या कायद्यानं महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी आली. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, दुसऱ्या कुणाला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. या योजनेनं काय दिलं आणि काय नेलं यावर आपण खूप बोललो आहोत, आज ते नको. फक्त लेकराच्या डोळ्यांनी पाहा. केंद्र उघडायचं दिवाळीनंतर. मग बंड्यांची रांग. बाबा दोन-दोन रात्री बैलांजवळ झोपायचे. ग्रेडर गाठोड्यात हात घालून प्रत ठरवायचा, काटा व्हायचा, हातात चिठ्ठी पडायची. सोसायटीचं कर्ज परस्पर कापून जायचं. उरलेला चुकारा कधी येईल ते नक्की नाही. बाबांचं एक वाक्य होतं, “कापूस घरात आला म्हणजे पैसा आला नाही, चुकारा आला म्हणजे पैसा आला.”

म्हणजे दिवाळी आधी आणि पैसा मागून. नवीन कपडे घ्यायचे तर उधारीवर, आणि उधारीच्या कापडाचा भाव रोखीपेक्षा वेगळा. आमच्या घरी दिवाळीचे कपडे बहुतेक संक्रांतीला आले. एकदा तर होळीला. निबंधात मात्र ते दर वर्षी नरकचतुर्दशीलाच यायचे.

मामाचं गाव होतं दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात. भाऊबीजेला आई कशीबशी एक मुक्काम करून परत यायची, कारण वेचणी सोडून राहणार कशी? खरं मामाकडे जाणं उन्हाळ्यात, आणि ते ‘शकुंतले’नं. दारव्ह्याला बसायचं, कारंजावरून मूर्तिजापूर, तिथं गाडी बदलून अचलपूरच्या फाट्यानं दर्यापूर. पुढच्या डब्यात बसलं तर कोळशाचा बारका चुरा डोळ्यांत. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. गाडी अशी धावायची की पोरं उतरून, बोरं तोडून पुन्हा चढायची असं सांगतात. मी काही उतरले नाही, आई हात धरून असायची. तिच्या रुळांत अंतर अडीच फूट. इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, एका खाजगी कंपनीनं ही लाईन टाकली ती वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावायला. आमची म्हणून जिच्यावर आम्ही इतका जीव लावला, ती मुळात आमच्या गाठोड्यांसाठी होती. माणसं नंतर बसली. आता ती गाडी बंद आहे, रुळांत गवत वाढलंय.

मामाकडे विहिरीचं पाणी खारट. प्यायचं पाणी लांबून आणायचं, आणि ते काम भाचरांचं. पण तिकडे आंबा होता, आजी होती, दुपारभर पत्ते होते. पंधरा दिवसांनी परत आलं की बाबा वाटच पाहत असायचे. पऱ्हाट्या उपटून झालेल्या असायच्या, ज्वारीची धसकटं वेचायची राहिलेली. मेच्या उन्हात धसकटं वेचणं हे लेकरांचंच काम. उन्हामुळं विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जून सरता सरता उघडतात. तेव्हा पाऊस झालेला असतो आणि सरकी टोबायची असते. म्हणून शाळेचा पहिला आठवडा हजेरीपटावर निम्मा वर्ग गैरहजर. शाळेचं वेळापत्रक बनवणाऱ्यानं ऊन पाहिलं, सण पाहिले. पीक पाहायचं राहिलं, आणि ते आम्ही आपापल्या परीनं जुळवून घेतलं.

आता ताई. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. सातवी पास झाली, पहिल्या पाचांत. हायस्कूल पाच किलोमीटरवर, मध्ये नाला. आठवीत नाव घातलं. पावसाळाभर गेली, नाल्याला पूर आला की एखादा दिवस राहायचा. दिवाळी आली, वेचणी लागली. सुट्टी संपली तेव्हा निम्मी पहिली वेचणीच बाकी होती आणि दुसरी तोंडावर आलेली. त्या साली मजूर बायांचा दर वाढला होता. ताईला शाळेतून काढायचं असं घरात कुणी म्हणालं नाही. “एवढी वेचणी होऊ दे, मग जा,” एवढंच म्हणाले. वेचणी संपली फरदडीसकट फेब्रुवारीत. तोवर हायस्कूलच्या पटावरून नाव गेलेलं होतं.

बाबा वाईट नव्हते, हे मुद्दाम सांगते. मुलीला शिकवू नये असं त्यांच्या मनात असतं तर मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पदवी घेऊन तुमच्यापुढं उभी राहिले नसते. माझ्या वेळेपर्यंत गावात दहावीपर्यंत वर्ग आले होते, आणि भाऊ हाताशी आला होता, एवढाच फरक. ताई दिवसाला २० किलो वेचायची. हंगामात ५० दिवस धरले तर १० क्विंटल. आजच्या त्याच दहा रुपयांच्या दरानं दहा हजार रुपये, एका हंगामाचे. लग्न होईपर्यंत असे पाच हंगाम तिनं दिले. ते पन्नास हजार कोणत्या वहीत आहेत? बाबांच्या वहीत सालगड्याचे पैसे होते, बियाण्याचे होते, फवारणीचे, सोसायटीच्या व्याजाचे होते. ताईच्या नावाचं पान नव्हतं.

आईला मी एकदा हे विचारलं. ती हसली. म्हणाली, “लेकराईची कायची मजुरी वं?”

भावांनो, हा प्रश्न आईपुरता नाही. १९६५ साली सरकारनं शेतमालाच्या भावासाठी आयोग नेमला. १९८५ पासून त्याचं नाव कृषी खर्च व मूल्य आयोग. तो उत्पादन खर्च काढतो. एका हिशेबात रोखीनं केलेला खर्च येतो, त्याला म्हणतात ए-२. त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की ए-२ अधिक एफ.एल. जमिनीचा खंड आणि घरच्या भांडवलाचं व्याज धरलं की सी-२. २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दीडपट भाव देऊ असं जाहीर झालं, तेव्हा तो दीडपटीचा आकडा ए-२ अधिक एफ.एल. वर बसवला. सी-२ वर का नाही, यावर आपलं भांडण आहे आणि ते चालू राहील. पण ज्या एफ.एल. वर दीडपट देतो म्हणतात, तो एफ.एल. तरी पुरा भरला जातो का?

मी अशी पाहणी होताना शेजारी बसून पाहिली आहे. विचारणारा विचारतो, वेचणीला घरची माणसं किती? शेतकरी सांगतो, “दोघं. मी आणि बायको.” सून? “ती तर घरचीच आहे.” लेकरं? “ते सुट्टी होती म्हणून आले होते, त्याचं काय लिहिता?” विचारणाऱ्यालाही घाई असते. रकान्यात दोन लिहिलं जातं. इथं आयोगाला शिव्या देऊन भागत नाही. आपल्या तोंडानं आपण आकडा कमी सांगतो, आणि तो कमी आकडा मग आपल्या भावात उतरतो. भीतीही असते, लेकरं कामाला होती असं सांगितलं तर केस होईल म्हणून. म्हणून कायदा नीट ऐका. बालकामगारांचा कायदा १९८६ चा. २०१६ साली त्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही धंद्यात कामाला ठेवायला बंदी आली. पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करायला मोकळीक ठेवली, काम धोक्याचं नसेल तर. म्हणजे माझी १९९० ची दिवाळीची सुट्टी आता कायद्यात लिहिलेली आहे. कायद्याला सुट्टीतलं लेकरू रानात दिसतं, भावाच्या हिशेबात ते दिसत नाही.

आणि ‘धोक्याचं नसेल तर’ हे शब्द सोडून देऊ नका. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आमच्या लहानपणीही फवारे होते, पण आजच्यासारखी दोन-दोन, तीन-तीन औषधं एका पंपात मिसळलेली नव्हती. फवारलेल्या ओळीत औषधाच्या पुडक्यावर लिहिलेली मुदत होईतो लेकरू घालायचं नाही, बाईही घालायची नाही. वेचणी दोन दिवस मागं जाईल, जाऊ दे. हे मी कृषी पदवीधर म्हणून सांगते, यात चर्चा नको.

आजची पोरं वेचणीला येत नाहीत, ही तक्रार आहे ना? मला ती चांगली बातमी वाटते. ताईची मुलगी कॉलेजात आहे आणि तिनं ओटी बांधलेली नाही. ताईनंच बांधू दिली नाही. त्यामुळं ताईला सहा एकराची वेचणी सगळी मजुरीनं करावी लागते, आणि तिचा खर्च वाढलेला दिसतो. काका, खर्च वाढला नाही. तो आधीपासून तेवढाच होता. पूर्वी तो ताईनं भरला, आता ताईच्या बटव्यातून जातो, म्हणून डोळ्यांना दिसायला लागला. ‘शेती परवडत होती’ म्हणताना कुणाच्या जिवावर, हे एकदा आपापल्या घरी बहिणीला विचारून पाहा. भाऊबीज आताच झालीय, ओवाळणी घालताना विचारायचं राहिलं असेल तर फोन आहेच.

अजून एक गोष्ट, थोडी कडू. आपली लेकरं शाळेत गेली, मग त्यांच्या ओळीत कोण आलं? दिवाळीनंतर मेळघाटातून कोरकू कुटुंबं कामाला खाली उतरतात, बाकी भागांतूनही येतात. त्यांची लेकरं बरोबर येतात. गावाकडे त्यांची शाळा चालू असते आणि ती आपल्या धुऱ्यावर असतात. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, कारण कारखाना दिसतो, टोळी दिसते. आपल्या वेचणीला असा पत्ता नाही. आठ दिवस या गावात, आठ दिवस त्या गावात. भाव वाढवून मागताना आपण म्हणणार की आमच्या लेकरांचे श्रम धरा, आणि दुसऱ्याचं लेकरू ओळीत बसवणार, हे जमणार नाही. ज्या गावात अशी कुटुंबं उतरली आहेत तिथल्या कार्यकर्त्यांनी शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावं आणि त्या लेकरांना वर्गात बसवून घ्यायला सांगावं. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात वयाप्रमाणे वर्गात घ्यायची सोय आहे. दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. काही ठिकाणी मुख्याध्यापक आपणहून घेतात. जिथं घेत नाहीत तिथं चार माणसांनी जाऊन बसायचं.

आता कामाचं बोलते आणि बसते, जेवणाची वेळ झाली आहे. मंडपाच्या डाव्या हाताला टेबलावर आखलेले कागद ठेवलेत. प्रत्येक गावानं दहा न्यायचे. या हंगामाची पहिली वेचणी ते फरदड, दर दिवशी रानात घरचं कोण होतं, किती वेळ, किती किलो, एवढंच लिहायचं. सून लिहायची, म्हातारी लिहायची, सुट्टीत आलेलं लेकरू त्याच्या वयासकट लिहायचं. नाव नको, नातं पुरे. मायबहिणींनी लिहिलं तर बरं, कारण पुरुषांना काट्यावरचे किलो पाठ असतात, ओळीतले नसतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरीकडून लिहून घ्यायचं. मार्चमध्ये तालुक्याच्या बैठकीला कागद परत आणायचे. आयोगाकडे म्हणणं पाठवायचं ते या कागदांची बेरीज करून पाठवू. दारव्हा, दिग्रस आणि नेर तालुक्यांचे कागद वेगळ्या गठ्ठ्यात आहेत. तिथल्या कार्यकर्त्यांनी जेवणाआधी माझ्याकडून घेऊन जावेत.